डाव्या बाजूचं सील

तो माझ्याकडे आलाच नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गॅरेजसमोर त्याने मोटरसायकल थांबवली, ती फक्त चष्मा पुसायला. मी जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. माझी नजर आधी गाडीवर गेली... खोटं कशाला बोलू, माणसावर नंतर गेली. पुढच्या उजव्या नळीवरून तेलाचा ओघळ पार खालपर्यंत उतरला होता.

"अहो चष्मेवाले, तेल गळतंय!"

त्याने मागे वळून पाहिलं. मग चष्मा चढवून माझ्याकडे.

"माझं?"

"तुमचं नाही, गाडीचं! खड्डा आला की दणका बसतो ना? आणि ब्रेक दाबला की पुढची बाजू भसकन खाली बसते?"

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं, ते असं, की जणू मी बसल्या जागी चंद्रावर जाऊन आले होते.

गॅरेज माझ्या काकांचं. इंजिनं ते बघतात, पुढचे फोर्क माझ्याकडे. फोर्क म्हणजे चाकाला धरून ठेवणारे दोन पाय. प्रत्येकात एक चकचकीत नळी खालीवर सरकते, आत तेल असतं, आणि ते बाहेर पडू नये म्हणून तोंडाशी रबरी सील. यात काकांचा नियम एकच — सील बदलायचं तर दोन्ही बाजूंचं, एकदमच. एक गेलं म्हणजे दुसरंही जायच्या वाटेवर असतं.

गिऱ्हाइकं एरवी फोनमध्ये डोकं घालून बसतात. हा स्टूल ओढून थेट माझ्या शेजारी बसला. मी चाक काढलं, उजवा फोर्क उतरवला, आतलं तेल परातीत ओतलं. काळंकुट्ट.

"हे कधी बदललं होतं?"

"बदलायचं असतं?"

"चष्मा पुसता, त्याच्या निम्मी माया तरी गाडीवर करा हो!"

तो हसला. पुढच्या चौकात चष्म्याच्या काचा घासायचं काम करतो म्हणाला. मी जुनं सील उपसून बाजूला टाकलं, तर त्याने ते उचललं. खिशातून घडीचं भिंग काढलं, बराच वेळ पाहत राहिला.

"उस्ताद... हे पाहिलंय कधी?"

"शेकडो पाहिलीत."

"असं?"

त्याने भिंग माझ्यासमोर धरलं. जुन्या सीलच्या कडेला एक चीर होती, केसाहून बारीक. मग त्याने नवं सील धरलं, आणि मी श्वास घ्यायचा विसरले. काळ्याभोर रबराची ती कड — इतकी पातळ, इतकी अखंड! तिच्यावर तेलाचा एक थेंब होता आणि त्या थेंबात आमचं अख्खं दार उजेडासकट मावलं होतं. सात वर्षं मी ही सीलं हाताळत होते. पाहिलं मात्र एकही नव्हतं.

"एवढीशी कड," तो हळूच म्हणाला, "आणि एवढ्या गाडीचे दणके अडवून धरते. आणि ती तुम्ही हाताने बसवता?"

माझी बोलती बंद झाली. माझी बोलती बंद होणं ही आमच्या घरात साजरी करावी अशी गोष्ट आहे. मी मान वर केली, तर भिंगातून त्याचा डोळा दिसला — एवढा मोठा! तपकिरी, आत सोनेरी रेघा... त्यानेही पाहिलं. मग दोघांनीही घाईघाईने नळीकडे पाहिलं.

मी नळीच्या तोंडावर पातळ प्लास्टिक गुंडाळलं.

"हे कशाला?"

"नळीच्या काठाने नवी कड कापली जाऊ नये म्हणून. अलगद घसरवायचं."

मग पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोकत सील खाली नेलं. टक... टक... टक... टण.

"बसलं."

"कसं कळलं?"

"आवाजावरून."

तो नुसता बघत राहिला. माझ्या तेलकट हातांकडे इतक्या आदराने आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच मी घसरले. दुसरं नवं सील डबीत तसंच होतं.

"डावीकडचं?" त्याने विचारलं.

"ते... चांगलंय अजून."

कान तापले माझे. डावं काही आठवड्यांत गळणार, हा परत येणार. माझं डोकं त्यापुढे गेलंच नाही. जाताना तो म्हणाला, "रविवारी डोंगरातल्या गावांत जायचंय, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना चष्मे द्यायला." तेही मी ऐकलं ते फक्त त्याच्या आवाजासाठी.

शनिवारी काकांना ड्रॉवरमध्ये ती डबी सापडली.

"एकच बदललंस?"

मी मान हलवली.

काका रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गाडीच्या डाव्या नळीखाली काय आहे?"

"ब्रेकची चकती."

"तिच्यावर तेल उतरलं तर?"

ब्रेक लागत नाही. आणि उद्या रविवार. डोंगराचा उतार. डबी घेऊन मी तशीच धावत सुटले.

तो दुकानाचं शटर ओढत होता. मला पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की मला रडूच यायला लागलं.

"उस्ताद! तुमच्याकडेच निघालो होतो!" त्याने तेलकट बोट नाचवलं. "गळलं! पाच दिवस रोज सकाळी उजव्या नळीवर बोट फिरवतोय... कोरडीठाक! तुमच्या कामाचा राग यायला लागला होता मला. आणि आज अचानक डावीकडे—"

आपण काय बोलून गेलो ते कळून तो थांबला.

"गाडीला हात लावू नका," मी म्हणाले. "डावं मी बदललं नाही. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तुम्ही परत यावं म्हणून. उद्या उतारावर तुमचा ब्रेक लागला नसता तर..."

त्याने बोटाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फार वेळ लावला त्याने.

"हे वाईट केलंत."

"हो."

"दोन्ही बदलायची आणि 'परत या' म्हणायचं. तेवढ्यावर आलो असतो मी."

मग त्याने हँडल धरलं. मी मागून ढकलू लागले. गाडी तशीच गॅरेजपर्यंत नेली.

काका आम्हाला पाहून आत निघून गेले, जाताना दुसरं स्टूल बाहेर ठेवून. डावं सील मी त्याच्याकडून बसवून घेतलं. प्लास्टिक त्याने गुंडाळलं, कड त्याने घसरवली, काचा घासणारे ते हात जराही थरथरले नाहीत. टक... टक... टण.

"बसलं," तोच म्हणाला, आणि माझ्याकडे असा पाहत राहिला, की जणू तो आवाज मी घडवला होता.

चकती पुसली, तेल भरलं, चाक लावलं. हँडल दाबून दहा वेळा गाडी खालीवर केली. दोन्ही नळ्यांवरून मी बोट फिरवलं. कोरड्या.

"आता वर्षानुवर्षं गळणार नाही," मी म्हणाले. "काही बिघडलं तर या."

त्याने भिंगाची घडी घातली आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"आणि नाही बिघडलं तर?"

"तरी... परत या."

रविवारी संध्याकाळी तो आला. गाडीचं काहीही बिघडलं नव्हतं.