अर्ध्या तुती तुमच्या

ती चिठ्ठी वाचनालयाच्या फलकावर शनिवारी सकाळी दिसली. 'तुती उतरवायला आणि जॅम करायला माणूस हवा. अर्ध्या तुती तुमच्या. रविवारी अकराला यावे. उशीर चालणार नाही.' खाली पत्ता. अक्षर गोलमटोल, आणि शेवटच्या वाक्याखाली दोन जाड रेघा.

वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या तिला त्या रेघांचं हसू आलं. ठरलेलं लग्न मोडून दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून रविवार अंगावर यायचा. वडील वसतिगृहात आचारी, त्यामुळे जॅम म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. तिने चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना तिने बेल दाबली. दार उघडणारा उंच माणूस तिला चेहऱ्याने माहीत होता. चौकातल्या दुकानात तो चष्म्याच्या काचा घासत बसलेला असायचा. आपण कुठलीही चिठ्ठी लावलेली नाही, असं तो अवघडून म्हणाला. मग तिने पुढे केलेला कागद वाचला आणि तिथेच पायरीवर बसला.

"हे माझ्या मावशीचं अक्षर आहे," तो म्हणाला. "ती... हिवाळ्यात गेली."

जुनी असेल, कुणीतरी आत्ता लावली असेल, असं ती घाईघाईने बोलून गेली. पण कागद आणि शाई हा तिचा रोजचा धंदा होता. ती शाई आठवड्याचीही नव्हती. ते मात्र तिने पोटातच ठेवलं.

खरं तर तिने तिथूनच परतायला हवं होतं. पण तिच्या मागे अंगणात तुतीचं झाड फळांनी वाकलं होतं, खाली काळाजांभळा सडा पडला होता, आणि पायरीवरचा माणूस इतका एकटा दिसत होता की तिचा पाय निघेना. आलाच आहात तर... असं काहीतरी तो पुटपुटला. उद्या घराला कुलूप लावून तो दुकानावरच्या खोलीत राहायला जाणार होता.

"एकट्याला घर खायला उठतं का?" तिने विचारलं.

"उलट," तो म्हणाला. "इथे एकटं असल्यासारखं वाटतच नाही."

झाडाखाली चादर पसरून त्यांनी फांद्या हलवल्या. टपटप फळं पडली. ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं, आणि एकही पाखरू त्या झाडाकडे फिरकत नव्हतं. देठ खुडताना दोघांची बोटं जांभळी झाली. आता सोमवारी गिऱ्हाइकांना काय सांगू, असं त्याने विचारलं. एका बाईने रंगेहाथ पकडलं म्हणून सांगा, असं ती म्हणाली. तो हसला, आणि हसण्याची सवय मोडलेल्या माणसासारखा लगेच दचकला.

पातेल्यात तुती आणि साखर रटरटायला लागली. लिंबू घालायचं होतं, म्हणून ती कोठीत गेली. परत आली तर गॅस बारीक झालेला.

"बरं केलंत," तिने खिडकीतून हाक दिली.

"काय केलं?" तो अंगणात चादर झटकत होता.

तिच्या मानेवर काटा आला. जॅम जमला का ते बघायला गार बशी लागते. तिने फ्रीज उघडला तर मधोमध एक बशी ठेवलेली, गारठून वर दव धरलेली. ती त्याला विचारणार, तोच माथ्यावर आवाज झाला. वरच्या खोलीत कुणीतरी चालत होतं. एक पाऊल ठाम, दुसरं फरफटत.

तो दारात येऊन थांबला होता. चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला... तुम्हालाही ऐकू येतंय?"

"येतंय," ती म्हणाली. "एक पाय ओढतात."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतके महिने, आपल्याला वेड लागतंय असं समजून त्याने कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. हळूहळू तो बोलायला लागला. लहानपणापासून मावशीनेच वाढवलं. मुली बघून बघून ती थकली आणि हा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. शेवटच्या दिवशी तिने त्याचा हात धरला होता. तुला एकट्याला टाकून मी कुठेही जायची नाही, म्हणाली होती.

"आणि गेलीच नाही," तो म्हणाला. "मला तिला जा म्हणवत नाही. आणि असं... राहवतही नाही."

पावलं आता बरोबर त्यांच्या डोक्यावर थांबली होती. जणू कुणीतरी कान देऊन उभं होतं. तिने मान वर केली.

"मावशी," ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी पुढच्या रविवारीही येणार आहे. त्याच्या पुढच्याही. यांनी बोलावलं नाही तरी."

मग पावलं जिन्याने उतरली. सावकाश, एकेक पायरी. स्वयंपाकघरात कुणी दिसलं नाही, पण भर दुपारी तिच्या गालावरून गार, सुरकुतलेल्या बोटांसारखं काहीतरी फिरलं. त्याच्या केसांची एक बट उचलली गेली आणि नीट बसली. अंगणातल्या फाटकाची कडी वाजली. उघडलं. लागलं.

तो धावत गेला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. बराच वेळ तो फाटक धरून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"आता खरंच कुणी नाही घरात," तो म्हणाला.

"मी आहे ना."

तो तिच्याकडे बघतच राहिला... पहिल्यांदाच, न दचकता.

"मघाशी बोललात ते... तिच्यासाठी बोललात की—"

तिने लाकडी चमचा त्याच्या हातात दिला. देताना बोटं सोडली नाहीत.

"ढवळ," ती म्हणाली. "खाली लागतोय."