गवताची येळवस

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अवसेच्या शेतपूजेच्या दिवशी कुणाच्याही रानात पाऊल टाकलं की आंबील प्यायल्याशिवाय सुटका नसते. वाटसरू असो, पाहुणा असो की बांधावरचा वैरी असो, नको म्हणणाऱ्यानं त्या रानाचाच अपमान केला असं धरतात. सोमलिंगला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच गवताच्या तपासणीला त्यानं नेमका हाच दिवस निवडला. सरकारचं काम आणि पोटोबाची सोय, दोन्ही एकाच खेपेत.

सोमलिंग हा लोहाऱ्याचा सलोत्री, म्हणजे निजाम सरकारनं हैदराबादेत शिकवून आणलेला गुरांचा डॉक्टर. शिक्षणाची त्याला जरा मिजासच होती. कुणी भानामतीचं नाव काढलं की तो आधी बैलाची जीभ तपासायचा, मग सांगणाऱ्याची.

लढाईचे दिवस होते. फौजेचे घोडे येरमाळ्याच्या बाजूला तळ देऊन होते आणि चारा कुठंच नव्हता. अशात बातमी आली, की सास्तूरच्या पलीकडं एका माळावर मार्गशीर्ष संपत आला तरी गवत हिरवंगार आहे. ते घोड्यांना चालेल की नाही, एवढंच सोमलिंगनं लिहून द्यायचं होतं. त्याचा कागद न्यायला गोरोबा नावाचा सरकारी स्वार बरोबर आला होता. सलोत्र्याच्या एका सहीवर शंभर गाड्या हलणार होत्या.

गावचा मोठा शेतकरी शिवलिंगप्पा वाटेवरच सामोरा आला. त्यानं दोघांना आधी पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत नेलं, वाळूक-हरभऱ्याची भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, आणि मडक्यातली ताकाची थंडगार आंबील वाटीत ओतली. ताक असं गोड, की सोमलिंगनं दुसरी वाटी स्वतःच पुढं केली. शेजारी शिवलिंगप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ वीरभद्र एकाच ताटात जेवत होते. या दोघांचं बांधावरून वीस वर्षं बोलणं बंद होतं, ते साऱ्या तालुक्याला माहीत. सोमलिंगनं हसत विचारलं, मिटलं का? दोघंही हसले. काय होतं भांडण, हेच म्हणे आठवत नाही.

जेवणानंतर बैल बघितला. याच बैलानं दोन वर्षांपूर्वी बलभीम नावाच्या गड्याला उचलून बाभळीच्या कुंपणात फेकलं होतं. आज चार पोरं त्याच्या शिंगांना लोंबकळत होती आणि तो डोळे अर्धे मिटून उभा होता. सोमलिंगला आधी किरळाची शंका आली. कोवळ्या ज्वारीनं गुरं झिंगतात. पण तसं काही नव्हतं. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, अंग तुकतुकीत. सोमलिंगला मनापासून आनंद झाला. इतकी निरोगी गुरं त्यानं अख्ख्या नोकरीत बघितली नव्हती.

मग माळ. गवत गुडघाभर, मऊ. एका पात्याला किडीनं तोंड लावलेलं नव्हतं. नाकतोडा उडाला नाही, मुंगी दिसली नाही. त्यानं एक काडी नखानं उभी चिरली आणि भिंग लावलं. आत पांढरा, केसाहून बारीक धागा होता, मुळापासून तुऱ्यापर्यंत गेलेला. त्यानं बी सोलून बघितलं. बियांच्या आतही तो होता, वळून बसलेला. दहा काड्या चिरल्या, दहांत धागा. बुरशी असणार, तो स्वतःशी म्हणाला, आणि नाव लागलं की माणसाला बरं वाटतं तसं त्याला बरं वाटलं. परत आल्यावर तिसरी वाटी झाली.

सगळे मजेत गप्पा मारत असताना शिवलिंगप्पाची बायको गौराबाई त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. दिवसभरात हसू नसलेला तो एकच चेहरा होता.

"सलोत्रीसाब, जरा कोपीच्या मागं चला," ती म्हणाली.

कोपीच्या मागं शिवलिंगप्पाचं सगळ्यांत भारी रान होतं, काळंभोर. या दिवसांत तिथं डोक्याएवढी ज्वारी हवी. तिथं गवत होतं. बांधापासून बांधापर्यंत, सरळ रांगांत.

सोमलिंग खाली वाकला. दोन रांगांत बरोबर पेरणीच्या तिफणीचं अंतर होतं. माळावरचं गवत आपोआप उगवतं, पण रांगेत उगवत नाही.

"कुणी पेरलं हे?"

"मालकानं. म्या सोता बघितलं तिफण धरल्याली. इचारलं तर म्हनले, ज्वारीच पेरली की." तिचा आवाज खाली आला. "समद्या गावानं असंच पेरलंय. म्होरं खायाचं काय, ह्याची कुनालाच काळजी न्हाय. म्या बोलले की हसतेत."

"आणि तुमाला बरी काळजी वाटते?"

तिनं सांगितलं, की लेकीच्या घरी पाळणा हलेपर्यंत तिनं दूध-ताक सोडलंय. दीड वर्ष झालं, थेंब घेतलेला नाही.

गवतातून गाईत, गाईतून दुधात. सोमलिंगच्या डोक्यात सगळं लख्ख उजाडलं. मग त्याला आपल्या तीन वाट्या आठवल्या आणि का कोण जाणे, हसू आलं.

"माजी लेक येरमाळ्याला दिलीया," गौराबाई म्हणाली. "हे तिकडं जाऊ देऊ नगा. हात जोडते."

"जाणार न्हाय, अव्वा," सोमलिंग म्हणाला, आणि त्या घडीला ते अगदी खरं होतं. म्हातारीची त्याला मनापासून दया आली होती.

तो बाभळीखाली बसला. काय लिहायचं ते पक्कं होतं: एक काडीही बाहेर नेऊ नये, सगळं जागेवर जाळावं. त्यानं टाक बुडवला, चार ओळी उर्दूत लिहिल्या, शाई वाळू दिली आणि सवयीनं एकदा वाचून बघितल्या.

चारा उत्तम. ताबडतोब न्यावा. बी सगळ्या तालुक्यांत पेरावं.

अक्षर त्याचंच होतं, वळणदार. सहीही त्याचीच.

कागद फाडायला हवा, हे त्याला स्पष्ट कळत होतं. बोटांनी त्याची नीट घडी घातली.

त्यानं घडी गोरोबाच्या हातात दिली. गोरोबा मजेत होता. त्याच्या पाच वाट्या झाल्या होत्या. शिवलिंगप्पानं त्याची खुर्जी, म्हणजे खोगिराला लावायची पिशवी, वाटेसाठी भरून दिली होती.

गौराबाई धावत आली. तिला वाचता येत नव्हतं.

"बंदी लिवली न्हवं?"

"व्हय, अव्वा. बंदीच लिवली की."

तिनं त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांना पदर लावला आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसली. तिला हसताना बघून सोमलिंगलाही फार बरं वाटलं.

गोरोबाचा घोडा येरमाळ्याच्या दिशेनं निघाला होता. तो रस्त्यानं जात नव्हता. बांधाबांधानं, सावकाश चालला होता आणि थोड्या थोड्या वेळानं त्याचा हात खुर्जीत जाऊन बाहेर येत होता.

गौराबाईनं कपाळावर हात धरून उन्हात बघितलं.

"सलोत्रीसाब, त्यो काय टाकत चाललाय?"

"ज्वारी," सोमलिंग म्हणाला, आणि हात हलवून गोरोबाला निरोप देऊ लागला.