पुंजाजीचा तीन बँडचा रेडिओ

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका. माझ्या देवमनमामांवर ती बेतली आणि म्हातारपणीसुद्धा सांगताना त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

साल १९७३. मे महिना. शेलूबाजारजवळचं त्यांचं गाव.

भुतं रात्री येतात म्हणतात ना? हे भर उन्हात घडलं.

पावसानं दगा दिलेला, विहिरी ठणठणीत कोरड्या. देवमन आणि त्याचा थोरला भाऊ पुंजाजी गावची विहीर खोल करत होते. पुंजाजीच्या खिशात कायम एक छोटा रेडिओ. बाजारातून स्वस्तात घेतलेला, पण तीन बँडचा. परगावी कामाला जाताना, पावसाची खबर ऐकायला, तोच सोबती. माझी सवत खिशात घेऊन हिंडतात, असं त्याची बायको रुख्मिणी चिडवायची.

त्या सकाळी पुंजाजी एकटाच तळाशी होता. देवमन वर दोर धरून.

दरड सुटली.

धुरळा बसला तेव्हा खाली नुसते दगड आणि मुरूम.

सारं गाव धावलं. देवमन खाली उतरला. दगडांना कान लावून हाका मारू लागला. उत्तर नाही... कण्हणं नाही...

आणि मग...

दगडांखालून गाणं ऐकू आलं.

बारीक, खरखरतं. मग खट्ट झालं, बँड बदलला. कुठल्यातरी दूर मुलखाची भाषा लागली. पुन्हा खट्ट... बातम्या.

“दादा जिता हाये,” देवमन म्हणाला. “हात लावल्याबिगर टेशन बदलते काय?”

सगळे आवाजाच्या रोखाने खोदू लागले. रुख्मिणीला मात्र बायकांनी घरातच धरून ठेवलं होतं. खोटी आशा नको, म्हणून रेडिओचं तिला कोणी सांगितलंच नाही.

दिवस बुडाला.

रेडिओ एकदम गप्प झाला...

उकंडराव हा विहिरीच्या कामातला जुना माणूस. त्याने कुदळ खाली ठेवली. “आवाज गेला म्हंजे जीव गेला, देवमन. दुसरी दरड आली तं आमीबी जाऊ.”

देवमनने त्याचे पाय धरले. तरी एकेक जण मान खाली घालून वर चढला. देवमन एकटा नखं फुटेपर्यंत उकरत राहिला. दादा, एकदा तरी वाजव, एवढंच म्हणत होता.

रात्रभर काहीच नाही.

सकाळी ऊन पडलं...

आणि रेडिओ वाजू लागला.

देवमन वेड्यासारखा ओरडला. लोक पुन्हा धावले. दुपारी पुंजाजीचा हात लागला. मग खांदा.

अंग लाकडासारखं ताठ होतं. डोकं चेचलेलं. पहिल्याच झटक्यात गेला, उकंडराव म्हणाला. काल सकाळीच.

मुठीतला रेडिओ मात्र वाजत होता.

देवमनने तो सोडवला. बंद करायचं बटण दाबलं. बंद होईना. मागचं झाकण उघडलं...

आत सेल नव्हते.

तो वाजणारा रेडिओ घेऊनच देवमन घरी गेला. रुख्मिणी अंगणात उभी होती.

“त्याच्यात सेल कुठून आले, भाऊजी?” तिने विचारलं. “सेल तं हे पत्र्यावर हायेत.”

मंदावलेले सेल उन्हात तापवले की चार दिवस आणखी चालतात. तेव्हा घरोघरी हेच करायचे. तिनेही दरड पडायच्या आधीच, सकाळी, ते काढून पत्र्यावर ठेवले होते. पुंजाजीने सवयीने रिकामा रेडिओ खिशात घातला होता. दिवस बुडाल्यावर तिने सेल आत घेतले. सकाळी हाताच्या सवयीने पुन्हा उन्हात ठेवले.

तिने पत्र्यावरचे दोन्ही सेल उचलले.

रेडिओ बंद पडला.

पुंजाजीला रेडिओसकट पुरलं. सेल रुख्मिणीने ठेवून घेतले. मरेपर्यंत ती रोज सकाळी ते पत्र्यावर ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची. कोणी विचारलं तर सवय म्हणायची.

देवमनमामा त्या मसणवट्यावरून रात्री खुशाल जायचे. दिवसा कधीच नाही.

दिवसा काय होतं, असं मी एकदा विचारलं.

“दादा अजून टेशन शोधून राह्यला,” मामा म्हणाले.