एका जागेचं लायसन्स

मुदत संपायला तीस दिवस

तिचं काम सरळ होतं. वेबसाइटवाल्यांना आणि त्या बनवून देणाऱ्यांना आठवण करायची: तुमच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सची मुदत संपत आली आहे. ऑफिसात तिला सगळे तगादाबाई म्हणत. ‘बाई, एवढी आठवण माझी बायकोही काढत नाही,’ असली उत्तरं ती शेजारच्या सहकाऱ्याला वाचून दाखवी आणि पुढच्या नावाकडे वळे.

त्या दिवशी पुढचं नाव तिच्या दादाचं निघालं. दादा वेबसाइट बनवायचा. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

नियमाप्रमाणे तिने त्यालाही आठवण पाठवली.

मुदत संपायला सात दिवस

लायसन्स एका जागेपुरतं असतं. त्या जागेवरचं सॉफ्टवेअर रोज कंपनीकडे हजेरी लावतं: पत्ता, वेळ. दादाचा सर्व्हर तिनेच बंद करवला होता. त्याचा कॉम्प्युटर वहिनीने केव्हाच देऊन टाकला होता. तरी रोज सकाळी सव्वादहाला हजेरी लागत होती. वहिनीच्या घरातल्या इंटरनेटवरून.

तिने फोन लावला.

“वहिनी, घरात कॉम्प्युटर आणलास का?”

“नाही गं. का?”

“सहज. आज कामावर नाही गेलीस?”

“जातच नाही. महिना झाला. घरीच बरं वाटतं. दोन कप चहा टाकते.”

“कोण येतं?”

“कोणी नाही. पण उरत नाही.”

मुदत संपून एक दिवस

भर दुपारी ती वहिनीकडे गेली. खिडक्या बंद. वहिनी अर्धी झाली होती.

“हळू बोल. काम चाललंय.”

“कोणाचं?”

वहिनीने आतल्या खोलीकडे बोट केलं. आतल्या खोलीत दादाचं टेबल रिकामं होतं. खुर्ची थोडी मागे सरकलेली. तिने टेबलाच्या मधोमध हात टेकवला.

लॅपटॉपएवढा चौकोन कोमट होता.

मुदत संपून दोन दिवस

“मुदत संपलेलं एकच राहिलंय ना? टाक बंद करून,” साहेब म्हणाले.

“दादाचं आहे.”

साहेब चष्मा पुसू लागले.

स्क्रीनवर दोन बटणं होती. ‘लायसन्स बंद’ दाबलं, की नाव यादीतून कायमचं जातं. ‘जागा मोकळी करा’ हे मशीन बदलणाऱ्यांसाठी. जुना पत्ता सुटतो, लायसन्स त्याच माणसाच्या नावाने नव्या जागी लागू होतं.

वहिनीचं घर सुटलं म्हणजे झालं. दादाचं नाव आपल्या हातून पुसायला नको.

तिने जागा मोकळी केली.

दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला होता, पण मोठा.

“घर खायला उठलंय गं. खिडक्या उघडल्यात सगळ्या. उद्यापासून जाते कामावर.”

“जा,” ती म्हणाली. किती तरी दिवसांनी तिचं जेवण नीट गेलं.

मुदत संपून तीन दिवस

सव्वादहा.

हजेरी लागली.

पत्ता तिला तोंडपाठ होता. सॉफ्टवेअरमध्ये नवं काही आलं, की ती स्वतः त्याच पत्त्यावरून तपासायची.

तिच्याच टेबलाचा.

तिने मान वळवली नाही.

खुर्चीमागे दोन माणसं सहज जातील एवढी वाट होती. शेजारचा सहकारी कागद घेऊन आला, मध्येच थबकला, अंग चोरून, पाठ भिंतीला घासत पलीकडे गेला.

“सॉरी हं,” तो म्हणाला.

तिला नाही.