सुदर्शन नाही म्हणाला

पहिल्याच रविवारी मला चर्चमधून बाहेर काढलं! प्रवचन संपलं आणि फादर गोड हसून म्हणाले, "जया, आता तुम्ही बाहेर बसून वाचा." बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याने मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, पुढच्या भागाला थांबायचं नसतं म्हणे. मला काय माहीत! मी फणकाऱ्याने पायरीवर येऊन बसले, तर समोरून एक मुलगा धावत आला. डिंभ्याची एसटी उशिरा आली होती.

"संपलं एवढ्यात?"

"मला हाकललं."

"बरंय राव! आता आत जायची मला लाज वाटतीय... बसू का इथंच?"

आणि बसलाच. हसताना तो खाली बघायचा. सुदर्शन त्याचं नाव. घरात पणजोबांपासून ख्रिस्ती.

मी निमगाव सावाची, आणि एकटीच आले होते. बाबा गेल्यावर मनाला कुठेच थारा नव्हता, तो इथल्या प्रार्थनेत मिळाला. एवढंच. वर्षभर चर्चमधल्या नंदाताईंकडे धर्माची शिकवणी केली, बायबल वाचलं. मिस्सा संपली की सुदर्शन पायरीवर यायचा, माझ्याशी वाद घालायचा, चिडवायचा... मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण गावाने लगेच ठरवलं, पोराच्या नादाने धर्म बदलायला चालली! थोरला भाऊ, दादाभाऊ, तर बोलायचाच बंद झाला. फादरनीही हळूच विचारलं, "लग्नाचं काही आहे का?" संताप आला मला. मुलीला स्वतःचं डोकं नसतं का?

ईस्टर जवळ आला. बाप्तिस्म्याला शेजारी उभं राहायला धर्मपिता किंवा धर्ममाता लागते. मी मोठ्या आशेने सुदर्शनला विचारलं.

"न्हाई जमणार," तो म्हणाला, आणि चक्क निघून गेला.

आठ दिवस मी धुमसत होते. पुढच्या रविवारी त्याला स्टँडवरच गाठलं.

"माझी लाज वाटते तुला?"

"न्हाई गं..."

"मग?"

"धर्मपिता म्हंजे बापाच्या जागी. मग त्या पोरीशी लगीन करत न्हाईत. फादर म्हणत्यात, आता तसा नियम न्हाई, पण आमची आज्जी मानती. अन् मला..." त्याचे कान लाल झाले. "मला तुझा बाप व्हायचं न्हाई, जया."

काळीज लक्‌कन हललं. आणि मग राग आला, नेहमीपेक्षा दुप्पट!

"हे आत्ता सांगतोस? वर्षभर मी सगळ्यांशी भांडले! आता म्हणतील, बघा, पोरासाठीच गेली!"

"म्हनून तर गप व्हतो. थांबतो ना मी... दोन वर्षं, तीन वर्षं. लोकं इसरत्याल."

"थांब म्हणालं कोण तुला?" मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरने वळून पाहिलं. "गाव काय म्हणेल म्हणून मी देव सोडला नाही. मग तुला सोडीन होय?"

त्याचा हात माझ्या हाताजवळ आला, आणि तिथेच अडला... शेवटी मीच धरला.

"माझ्या शेजारी नंदाताई उभ्या राहतील. ईस्टर झाला की तू घरी यायचंस. दादाला तोंडावर सांगायचंस, ही देवासाठी आली, मी तिला नंतर भेटलो."

"अन् त्यानं मारलं तर?"

"तर मार खायचा," मी म्हणाले. हात मात्र सोडला नाही.