गळ्याखालचा केशरी

"गळा चुकलाय तुमचा!"

चित्रकर्ती दचकली. संग्रहालयाच्या गोदामाची किल्ली मागायला आलेला कुणी अनोळखी संशोधक, चिखलाच्या बुटांनिशी, थेट तिच्या चित्रात डोकावत होता.

"माझा? मी कुठे गायले?"

"सरड्याचा हो! बाटलीतल्या औषधात रंग उडालाय त्याचा. जिवंतपणी तिथं केशरी पंखा उघडतो... नखाएवढा, पण तोरा राजाचा!"

दुसऱ्या दिवशी तो जिवंत रानसरडाच घेऊन आला. बोटभर लांब, पाचोळ्यात ठेवला तर हरवेल असा. अंगावर ऊन आलं की नर गळा फुलवतो, म्हणाला. पण आभाळ गच्च भरलेलं! रंग दिसला की सरड्याला रानात सोडायचं, आणि संशोधकालाही कामासाठी तिकडेच तीन वर्षं राहायचं होतं. तोवर तो रोज येई, चिमट्याने मुंग्या पुढे करी.

"पाहुणा जेवत नाही आज," ती म्हणाली.

"रुसलाय. तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही."

"मग कुणाकडे बघते?"

तो कानापर्यंत लाल झाला. तिला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. हे संपणार होतं.

सरड्याच्या फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा मात्र तिला राहवेना. संशोधकासमोरच तिने खिडकीचा पडदा बाजूला सारला. काचेच्या पेटीवर लख्ख ऊन पडलं.

"ऊन कालही होतं... परवाही. तुम्ही यायच्या आधी मी पडदा ओढायचे."

"ठाऊक आहे. मी उन्हातूनच येत होतो की." त्याने खिशातून छोटा आरसा काढला. "दिव्याच्या उबेत हा दाखवला, तरी दुसरा नर समजून तो पंखा उघडतो. पहिल्या दिवसापासून खिशात आहे."

आरशासमोर सरड्याने कसाबसा गळा फुलवला. केशरी, कडेला निळा. ती भराभर रंगवत राहिली. डोळे सारखे भरून येत होते.

"जीव जडलाय माझा तुमच्यावर," ती म्हणाली.

"माझाही... म्हणूनच निघतो. आणखी एक दिवस रमलो, तर हा मरेल."

पेटी छातीशी धरून तो गेला. आरसा टेबलावरच राहिला. संध्याकाळपर्यंत खोलीभर ऊन होतं, आणि तिने पडदा ओढला नाही.