बेडूक ओ का देत नाही?

"खेळ संपला! खेळ संपला! सगळ्या बेडकांनी बाहेर या!"

वकीलचा आवाज शाळेच्या रिकाम्या व्हरांड्यात घुमला. जिन्याखालून, फळ्यामागून, टेबलाखालून पिवळ्या पट्ट्या बांधलेले तीन बेडूक हुश्श करत बाहेर आले, आणि वकीलने तिघांच्याही पाठीत धपाधप थापा मारल्या.

"खाल्ले! तिन्ही खाल्ले!"

"लबाडी! बाई, ही चक्क लबाडी आहे!" तिघांतली मास्तरीण किंचाळली. ती उठल्याबसल्या सगळ्यांना शिकवायची, म्हणून हे नाव. वकीलला वकील का म्हणायचे, ते त्याने तोंड उघडताच कळायचं.

"साप लबाडच असतो!" दंडावरची लाल पट्टी दाखवत तो म्हणाला. "आणि बाई, खोटी हाक मारू नये असा नियम तुम्ही सांगितलात कुठे?"

बाईंना हसू आलं. सुट्टीतल्या निसर्गवर्गात आज अन्नसाखळीचा खेळ होता. हिरवी पट्टी नाकतोड्याची, पिवळी बेडकाची, लाल सापाची, आणि काळी पट्टी बांधून बाई स्वतः घार. नाकतोड्यांनी मधूनमधून 'किर्र किर्र' करायचं. बेडकांनी त्यांना पकडायचं, नाहीतर उपाशी मरायचं. आणि सापाला, घारीला सापडू नये म्हणून आपल्या कपड्यांच्या रंगाची जागा शोधून लपायचं.

"फसव्या हाका मारणारे शिकारी असतात खरे," बाई म्हणाल्या. "चालू दे!"

थोड्या वेळाने बाईंनी शिट्टी वाजवली. सगळे दमून पायऱ्यांवर बसले.

"पिटुकली कुठाय?" हळूबाईने विचारलं. चालायला हळू, बोलायला हळू, म्हणून ती हळूबाई. नाकतोडा झाली आणि सगळ्यांत आधी खाल्ली गेली!

पिटुकली म्हणजे वकीलची धाकटी बहीण. वर्गात सगळ्यांत लहान, आणि आज बेडूक.

"पिटुकलेऽऽ! ये गं बाहेर!" वकील ओरडला.

कोणी आलं नाही. बाईंनी हाका मारल्या. वर्ग पाहिले, नळाची खोली पाहिली. नाही म्हणजे नाहीच! आता कोणी हसत नव्हतं.

"थांबा! डोकं चालवा," मास्तरीण म्हणाली. "तिचा फ्रॉक कुठल्या रंगाचा?"

"मातकट. आईने आज तोच घातला."

"मग मातकट जागा सांगा. पटापट!"

"ग्रंथालयातली कपाटं!"

"ती पाहिली."

"रंगमंचाचे जुने पडदे..." हळूबाई म्हणाली. "ते मोठ्या लाकडी पेटीत असतात."

सगळे सभागृहाकडे सुटले. रंगमंचामागचा कोपरा रिकामा होता. धुळीत पेटीएवढा स्वच्छ चौकोन उरला होता, आणि तिथून दारापर्यंत काहीतरी घासत नेल्याची खूण!

तेवढ्यात बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

"भंगार! जुनं सामान आज नेणार होते!" मास्तरीण ओरडली.

वकील कसा धावला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ट्रक वळून येईपर्यंत त्याने फाटक लोटलं, कडी घातली आणि पाठ लावून उभा राहिला.

"ए पोरा, सरक बाजूला!" भंगारवाले काका खिडकीतून खेकसले. "आधीच उशीर झालाय."

"काका, तुमच्या ट्रकमध्ये माझी बहीण आहे!"

"बहीण? अरे, मोडकी कपाटं नि पेट्या आहेत."

"पडद्यांची पेटी उघडून बघितलीत?"

"झाकण अर्धवट होतं. लोटलं, कडी लावली. त्यात बघायचं काय?"

"निदान हाक तरी मारायची!"

"भंगाराला हाक मारतं का रे कोणी?"

ट्रकमध्ये पाच-सहा पेट्या तळाला होत्या. त्यांवर कपाटं, कपाटांवर बाकं, आणि सगळ्यावर करकचून दोर. काका खाली उतरले.

"सगळं उतरवायला संध्याकाळ होईल. हाक मारा. असली तर बोलेल. नाही बोलली, तर फाटकाची कडी काढायची."

वकीलने ट्रकच्या फळीवर मुठी आपटल्या. "पिटुकले! मी दादा! खेळ संपला गं!"

काही नाही.

बाई धापा टाकत पोचल्या. "बाळा, मी बाई! बाहेर नको येऊस, नुसती ओ दे!"

काहीच नाही. बाईंचा चेहरा उतरला. "एवढ्या हाकांना ओ नाही... म्हणजे इथे नसेलच. रस्त्यावर तर नाही ना गेली?" त्या फाटकाबाहेर डोकावू लागल्या. काका दोर पुन्हा आवळायला मागे गेले.

मास्तरीणने वकीलचा दंड पकडला. "ती बोलणार नाही. 'खेळ संपला' हे तू मघाशीही म्हणाला होतास. तू साप आहेस!"

वकीलने दंडावरच्या लाल पट्टीकडे पाहिलं.

"आणि बाई घार," ती पुढे म्हणाली. "तुम्ही जितकं ओरडाल, तितकी ती श्वास धरून बसेल."

"मग कोणाचं ऐकेल ती?" वकीलने विचारलं.

"जो बेडकाला खात नाही, त्याचं," हळूबाई म्हणाली आणि हिरवी पट्टी घट्ट करत पुढे आली. "मी बोलू? पण ट्रकच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही."

मास्तरीण टुणकन ट्रकच्या केबिनमध्ये चढली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन गप्प!

"ए! कोणी बंद केला?" काका गरजले.

"श्शूऽऽ!" सगळी पोरं एकदम म्हणाली. काकाही गप्प!

हळूबाईने फळीच्या फटीला तोंड लावलं.

"किर्र किर्र..."

बाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते.

"किर्र किर्र..."

आणि खूप आतून, खूप बारीक आवाज आला. "डराँव..."

"आहे! आहे ती!" वकील रडतच ओरडला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "दोर कापा! अरे बघता काय, कापा!" काकांबरोबरचे हमाल तुटून पडले. बाकं धडाधड खाली आली, कपाटं उतरली.

"किर्र किर्र," हळूबाई म्हणाली.

या वेळी उत्तर आलं नाही.

"लवकर, काका! लवकर!"

पहिल्या पेटीत फाटक्या चटया. दुसरीत गंजलेले डंबेल्स. तिसरीची कडी काकांनी हातोडीने उडवली. मातकट पडद्यांच्या ढिगात घामाने निथळलेली, लालबुंद झालेली पिटुकली! तिने डोळे किलकिले केले, समोर लाल पट्टी पाहिली आणि झटकन पडदा डोक्यावर ओढून घेतला.

वकीलने पट्टी ओरबाडून फेकली. पण ती बाहेर आली ती हळूबाईकडेच. तिचा हात पकडून कोरड्या घशाने म्हणाली, "नाकतोडा खाल्ला. मी जिंकले ना?"

"जिंकलीस गं, पोरी!" म्हणत काकांनी तिला उचलून सावलीत नेलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी घोट घोट पाजलं. डॉक्टरीणबाई येऊन तिला तपासून गेल्या, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

बातमी कळताच आलेल्या मुख्याध्यापिकांनी मुलांना जवळ बोलावलं. "मोठ्यांनी नुसत्या हाका मारल्या. ती ओ का देत नाही, याचा विचार तुम्ही केलात. शाबास!" मग त्या काकांकडे वळल्या. काकांनी मान खाली घातली.

"यापुढे पेटी उघडून, हात घालून बघितल्याशिवाय कडी लावणार नाही."

"आणि 'खेळ संपला' हे यापुढे खेळ खरंच संपल्यावरच म्हणायचं. घारीनेसुद्धा!" बाई म्हणाल्या. "चूक माझी होती."

संध्याकाळी भाऊबहीण घरी निघाली. मोठा रस्ता आला. वकीलने दोन्हीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "चल, गाडी नाहीये."

पिटुकली जागची हलली नाही. तिने स्वतः उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. एरवी वकीलने यावर लांबलचक वाद घातला असता. आज तो हात तसाच पुढे धरून उभा राहिला.

"खरंच नाहीये," ती म्हणाली, आणि तिने त्याचं बोट धरलं.